कर्ता कोण?

दोस्तहो, मिलचा भोंगा वाजत होता तेव्हाची गोष्ट. बाप बदली कामगार. उसनवारी करून त्यानं फी भरली आणि मी नवी पेठेत, दुकानांच्या वरच्या मजल्यावर, इंग्रजीच्या क्लासला बसलो. सरांच्या टेबलावर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. महाराष्ट्राच्या कैक पिढ्या तिच्यावर इंग्रजी शिकल्या.

सरांनी फळ्यावर लिहिलं : 'यू मस्ट स्वीप द रूम.' मराठी करा. मी उठून म्हणालो, 'तुम्ही खोली झाडली पाहिजे.' सर हसले. वर्ग हसला. 'झाडणाऱ्याला तुम्ही कशाला बे? तू म्हण.'

इंग्रजीत 'यू' एकच. तू, तुम्ही, आपण ही उतरंड आपल्या मराठीतली. त्या एका 'यू'चं मराठी करताना माणूस व्याकरण बघत नाही, समोरच्याची पायरी बघतो. माझ्या म्हाताऱ्या आज्याला पाटलाचं शेंबडं पोर 'ए, इकडं ये' म्हणायचं. आणि आजा त्या पोराला 'जी मालक'. हा धडा कुठल्याच पाठमालेत नाही. तरी साऱ्या गावाला तोंडपाठ.

दुसरा धडा पॅसिव्ह व्हॉइसचा. राम आंबा खातो, रामाकडून आंबा खाल्ला जातो. घोका! सर म्हणाले, कर्ता नको असेल तर गाळा, चालतं.

मेख इथंच आहे. पेपर उघडा. 'दलित वस्तीवर हल्ला झाला.' 'पाण्याच्या वादातून मारहाण करण्यात आली.' कोणी केली? कर्ता गाळला. चालतं!

आता 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा उघडा. त्याचं तिसरं कलम कर्त्यापासूनच सुरू होतं : जो कोणी अनुसूचित जाती-जमातीचा नाही, तो. त्याच कलमात अपमानाचा गुन्हा आहे, आणि तो लोकांच्या नजरेसमोर घडलेला असावा अशी अट आहे. आपली एखादी बाई फिर्याद देते मराठीत : 'चावडीपुढं, सगळ्यांदेखत, जातीचं नाव घेऊन मला शिव्या दिल्या.' हायकोर्टाची भाषा इंग्रजी, घटनेच्या 348 व्या कलमानुसार. तिथं त्या बाईचे शब्द जातात ते भाषांतर होऊन. भाषांतर करणाऱ्यानं 'सगळ्यांदेखत' गाळलं, 'जातीचं नाव घेऊन' याचं नुसतं 'शिवीगाळ' केलं, तर केसचा कणाच मोडला. मग बसा राम आणि आंबा घोकत.

म्हणून 'इंग्रजी कशाला, मायबोलीत शिका' असं सांगणाऱ्या पांढरपेशा विद्वानांना एकच विचारा : तुमची पोरं कुठल्या शाळेत आहेत? जोतीरावांनी 1882 साली हंटर कमिशनला निवेदन दिलं ते इंग्रजीत. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं, फारसी घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी 1936 साली जातिव्यवस्थेचा पंचनामा छापला तो इंग्रजीत. आणि 1920 साली 'मूकनायक' काढला तो मराठीत. कुणाशी कुठल्या भाषेत बोलायचं हे त्यांचं त्यांनी ठरवलं. आपलं आपण ठरवू.

2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. चांगलं झालं. पण भाषा येऊन भागत नाही. सरावाची वाक्यं कोणाची, हा सवाल आहे. राजा, राणी, आंबा, पोपट यांचं भाषांतर लई झालं.

संध्याकाळी विहारात बसा. वह्या काढा. पहिला सराव : साहेब आपल्या म्हाताऱ्याला 'यू' म्हणतोय, मराठी करा आणि का तसं केलं ते सांगा. दुसरा : पेपरातली बातमी घ्या, गाळलेला कर्ता हुडकून जागेवर बसवा, मग इंग्रजी करा. तिसरा : एक फिर्याद इंग्रजीत न्या, दुसऱ्या पोरीनं ती मूळ न बघता परत मराठीत आणावी. मग दोन्ही शेजारी ठेवा. काय गळलं ते मोजा. जे गळलं तेवढा न्याय गळला.

व्याकरण म्हणजे कर्ता, कर्म, क्रियापद. आपण हजारो वर्षं कर्मच राहिलो. आता वाक्य आपण लिहायचं.

आणि खोली झाडणाऱ्या बाईला 'तुम्ही'च म्हणायचं. वर्ग हसला तरी.

जय भीम.