आकडा लिहिला, पुढे काय?

एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात फिरणारे व्हॉट्सअ‍ॅप संदेश आपल्यापैकी कोणी विसरले असेल असे वाटत नाही. रुग्णाचे वय, गाव, ऑक्सिजन किती आणि एचआरसीटीचा स्कोअर किती. बेड हवा तर स्कोअर, रेमडेसिविर हवे तर स्कोअर. 'सीटी केला का?' हा प्रश्न मागे पडून 'स्कोअर किती आला?' हाच प्रश्न उरला. घरोघरी लोक 25 पैकी किती गुण मिळाले हे एकमेकांना सांगत होते. त्याआधी, सप्टेंबर 2020 मध्ये, राज्य सरकारने एचआरसीटीचे दर बांधून दिले होते: 16 स्लाइसखालच्या मशीनला 2000 रुपये, 16 ते 64 स्लाइसला 2500 आणि त्यावरच्या मशीनला 3000. किंमत ठरली, स्कोअर सर्वांच्या तोंडी बसला आणि रेडिओलॉजिस्ट नावाचा डॉक्टर मधल्या मध्ये दिसेनासा झाला.

हा स्कोअर कसा निघतो ते या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. फुप्फुसाचे 5 लोब, प्रत्येकाला व्याप्तीनुसार 0 ते 5. हिशेब सोपा आहे आणि दोन वाचणाऱ्यांत फारसा फरकही पडत नाही. पण तिसऱ्या दिवशीचा 8 आणि बाराव्या दिवशीचा 8 यांचा अर्थ एक नाही. पहिला चढणीवर असतो, दुसरा बहुधा उतरणीला लागलेला. लक्षणे सुरू होऊन किती दिवस झाले, ऑक्सिजन किती आहे, हे शेजारी लिहिल्याशिवाय त्या आकड्यावरून उपचाराचा कोणताही निर्णय निघत नव्हता. तरीही तो ठळक अक्षरांत, पानाच्या तळाशी, एकटाच छापला गेला. तो आपण छापला. मागणी रुग्णांची होती, फिजिशियनांची होती, घाई सर्वांचीच होती, हे खरे. महासाथीच्या त्या दिवसांत दिवसाला शंभरावर छात्या वाचणाऱ्यांना दोष देणे हा या लेखाचा हेतू नाही. पण ती लाट ओसरून काही वर्षे झाली तरी सवय ओसरलेली नाही, आणि आता त्या सवयीला नवी यंत्रे येऊन मिळत आहेत. म्हणून हा विषय.

आकड्याचे आणि आपल्या शास्त्राचे नाते जुने आहे. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या विम्बल्डनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्लीज रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला. 80 बाय 80 चौकटींचे ते चित्र आज कोणी रिपोर्टिंगला स्वीकारणार नाही. परंतु त्या प्रत्येक चौकटीमागे एक संख्या होती. एक्स-रे फिल्मवर काळे-पांढरे पाहायचे आणि अनुभवाने सांगायचे, हा आपला धंदा तोवरचा. पाणी 0 आणि हवा उणे 1000 हे एकदा ठरल्यावर रक्त, चरबी, कॅल्शियम यांना मोजता येऊ लागले. तिथून पुढे सारी वाटचाल मोजण्याच्या दिशेने आहे. फोटॉन-काउंटिंग सीटीला सप्टेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मिळाली. जुन्या डिटेक्टरमध्ये एक्स-रेचा आधी प्रकाश होतो आणि मग वीज. या नव्या यंत्रातील कॅडमियम टेल्युराइडचा डिटेक्टर प्रत्येक फोटॉन थेट मोजतो, त्याची ऊर्जाही टिपतो. चित्र अधिक बारीक, आणि त्यामागे आकडे कितीतरी अधिक. एमआरआयमध्येही तेच चालले आहे. तंत्रज्ञानाचे हे कौतुक आम्ही या पानांवर वारंवार केले आहे आणि करत राहू. पण मशीन विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात आकडा जितका सुंदर दिसतो, तितका तो ओपीडीत उपयोगी पडतोच असे नाही.

उपयोगी आकडा कसा असतो याचे उत्तम उदाहरण आपल्याच घरात आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने 1993 मध्ये बाय-रॅड्सची पहिली आवृत्ती काढली, त्याआधी मॅमोग्राफीचे रिपोर्ट वाचून सर्जनला काय करायचे ते कळत नसे. 'संशयास्पद सावली दिसते, क्लिनिकल कोरिलेशन करावे.' म्हणजे काय करावे? बाय-रॅड्सने हा गोंधळ संपवला, आणि तो संपवण्याचे कारण त्यातले 0 ते 6 हे अंक नव्हेत. 3 म्हणजे कर्करोगाची शक्यता 2 टक्क्यांहून अधिक नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. 4 म्हणजे बायोप्सी. प्रत्येक अंकाला एक कृती बांधलेली आहे आणि ती कृती रेडिओलॉजिस्ट व सर्जन या दोघांनाही आधीपासून मान्य आहे. रेडिओलॉजिस्ट 4 लिहितो तेव्हा तो मत देतो आणि जबाबदारीही घेतो. कोविडच्या स्कोअरमागे असा करार नव्हता. 14 आला तर काय करायचे, हे ज्याने त्याने आपापल्या भीतीप्रमाणे ठरवले.

कराराविना आकडे वाटले की काय होते, हे दक्षिण कोरियाने फार महागात शिकून ठेवले आहे. तिथे 1999 मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइड त्यात नव्हताच, पण रुग्णालये थोडे पैसे जादा घेऊन गळ्याची सोनोग्राफी जोडून देऊ लागली. 2011 पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण 1993 च्या 15 पट झाले, मृत्यूंचे प्रमाण मात्र जिथल्या तिथे राहिले. सापडलेल्या बहुतेकांची शस्त्रक्रिया झाली; त्यांतल्या पुष्कळांना जन्मभराची गोळी लागली, काहींचे कॅल्शियम कायमचे बिघडले, काहींचा आवाज गेला. 2014 मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी उघडपणे या तपासणीविरुद्ध भूमिका घेतली आणि वर्षभरात थायरॉइडच्या शस्त्रक्रिया सुमारे 35 टक्क्यांनी उतरल्या. यात सोनोग्राफी मशीनचा दोष काहीच नव्हता. मशीन उत्कृष्ट होती, म्हणूनच तर दोन-तीन मिलिमीटरच्या गाठी दिसत होत्या. पुढे 2017 मध्ये आलेल्या एसीआर टाय-रॅड्सने आकाराची अट घातली: टीआर 3 ला अडीच सेंटिमीटर, टीआर 4 ला दीड, टीआर 5 ला एक सेंटिमीटर झाल्यावरच एफएनएसी. आपल्याकडे 'होल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी सर्रास असते. रिपोर्टात 'टीआर 4, 7 मिलिमीटर' एवढेच लिहून सही केली की पेशंट ते 4 घेऊन आधी इंटरनेटवर जातो आणि तिथून सर्जनकडे. 'या आकाराला एफएनएसीची गरज नाही' ही एक ओळ लिहायला कितीसा वेळ लागतो?

आपल्या रोजच्या वर्कलिस्टमध्येही असे करार नसलेले आकडे भरपूर आहेत. 'ग्रेड 1 फॅटी लिव्हर' हा तर महाराष्ट्रातल्या चाळिशीच्या गृहस्थांचा जवळजवळ सामाजिक दर्जा झाला आहे. प्रत्येक लग्नकार्यात कोणीतरी तो अभिमानाने सांगतो. सोनोग्राफीवरचा हा ग्रेड पाहणाऱ्याच्या डोळ्यावर आणि मशीनच्या सेटिंगवर किती अवलंबून असतो ते आपल्याला ठाऊक आहे, आणि यकृताला फायब्रोसिस झाला आहे की नाही हा खरा प्रश्न त्यातून सुटत नाही हेही. कमरेच्या एमआरआयची कथा याहून गंभीर आहे. कंबर कधीही न दुखलेल्या लोकांचे एमआरआय तपासलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या 30 टक्के निरोगी माणसांत डिस्क बल्ज असतो आणि ऐंशीच्या वयात 84 टक्क्यांत. हे माहीत असूनही आपण 'एल 4-5, एल 5-एस 1 डिफ्यूज डिस्क बल्ज' असे मिलिमीटरसकट लिहितो आणि पंचेचाळिशीची बाई 'माझी गादी सरकली आहे' म्हणत वाकणे, उचलणे, कधी कधी नोकरीसुद्धा सोडून बसते. 'या वयात हे बदल वेदना नसलेल्यांतही आढळतात' असे वाक्य रिपोर्टात घालणारे काही सहकारी आहेत. त्यांची संख्या वाढली पाहिजे.

यावर ठरलेला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: रेफर करणारा चिठ्ठीवर काहीच लिहीत नाही, मग आम्ही कशाच्या आधारावर मत द्यायचे? 'एमआरआय एलएस स्पाइन' एवढ्या तीन शब्दांवर माणूस येतो. पण यात आपलीही बाजू पाहिली पाहिजे. पीसीपीएनडीटीच्या एफ फॉर्ममधला एकही रकाना आपण रिकामा सोडत नाही, कारण रिकाम्या रकान्याची किंमत आपल्याला कायद्याने शिकवली. रिक्विझिशनवरचा हिस्टरीचा रकाना रिकामा आला तर मात्र आपण तसाच स्कॅन लावतो. टेक्निशियनने पेशंटला दोन प्रश्न विचारून उत्तरे लिहून घेणे, किंवा आपण स्वतः रेफर करणाऱ्याला फोन करणे, यासाठी कोणतेही नवे मशीन घ्यावे लागत नाही. टेलिरिपोर्टिंग करणाऱ्यांना हे अवघड जाते, मान्य. मग त्या कंपन्यांशी करार करताना हिस्टरीशिवाय केस पाठवायची नाही अशी अट घाला.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येऊ. 2016 मध्ये जेफ्री हिंटन यांनी नवे रेडिओलॉजिस्ट शिकवणे आताच थांबवावे असे म्हटले होते. पाच वर्षांत यंत्र आपल्याहून चांगले वाचेल असा त्यांचा अंदाज होता. त्यांना 2024 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले आणि रेडिओलॉजिस्ट अजून कमीच पडत आहेत. या विषयावर चेष्टा पुरे. आमची चिंता वेगळी आहे. एआय आपल्याला जे देते तो पुन्हा एक आकडा आहे, आणि त्याच्या मागचा करार कोणी केला हे बऱ्याच ठिकाणी कोणालाच ठाऊक नाही.

क्षयरोगाचे उदाहरण घ्या, कारण ते आपले आहे. 15 वर्षे आणि त्यावरील व्यक्तींच्या छातीच्या एक्स-रे तपासणीसाठी संगणकीय वाचन वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2021 मध्ये मान्यता दिली. मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीचे क्यूएक्सआर हे या क्षेत्रातले ठळक नाव. डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या शंभर दिवसांच्या क्षयमोहिमेत हातात धरायची एक्स-रे यंत्रे आणि एआय गावोगावी गेली. जिथे रेडिओलॉजिस्ट कधी पोहोचलाच नाही तिथे हे यंत्र पोहोचते, याचा आनंदच आहे.

पण यंत्र 'क्षय आहे' किंवा 'नाही' असे सांगत नाही. ते एक संख्या देते, आणि कोणत्या संख्येच्या वर गेल्यावर थुंकीची तपासणी करायची, हा उंबरठा माणसाने ठरवायचा असतो. समजा, 1000 लोक तपासले आणि त्यांत 10 जणांना क्षय आहे. उंबरठा असा ठेवला की संवेदनशीलता 90 टक्के आणि विशिष्टता 70 टक्के. 9 रुग्ण सापडतील, 1 सुटेल, आणि त्या 9 बरोबर निरोगी 297 जणांना थुंकी तपासायला पाठवावे लागेल. तालुक्याच्या प्रयोगशाळेत तेवढ्या कार्ट्रिज आहेत का? नसतील तर उंबरठा वर न्यावा लागतो, आणि मग एकाऐवजी दोन-तीन रुग्ण सुटतात. किती सुटलेले चालतील, हा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही. शिवाय ढाक्यातल्या सुमारे 24 हजार लोकांच्या एक्स-रेवर पाच प्रणालींची परीक्षा झाली, तेव्हा त्या स्थानिक रेडिओलॉजिस्टांपेक्षा सरस ठरल्या, पण वयस्क माणसांत आणि पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांत त्यांची कामगिरी घसरली. जुने व्रण असलेल्या छात्या आपल्याकडे थोड्या नाहीत. एका जिल्ह्यात जमलेला उंबरठा दुसऱ्या जिल्ह्यात तसाच चालेल असे गृहीत धरता येणार नाही.

हे नीट करता येते, याचा पुरावा स्वीडनमध्ये आहे. तिथल्या मासाई चाचणीत 80 हजारांवर स्त्रियांच्या मॅमोग्राफी होत्या. एआयने 1 ते 10 गुण द्यायचे; 1 ते 9 असेल तर एका रेडिओलॉजिस्टने वाचायचे, 10 असेल तर दोघांनी. आकडा आला की पुढे काय, हे चाचणी सुरू होण्याआधी ठरलेले होते. 2023 मध्ये आलेल्या पहिल्या निष्कर्षांत वाचनाचे काम 44 टक्क्यांनी घटले आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण कमी झाले नाही. त्यातले सॉफ्टवेअर विकत आणता येईल. तो नियम मात्र आपल्याला आपल्या रुग्णांसाठी बसून लिहावा लागेल.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या केंद्रात, रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या मोहिमेत छातीच्या एक्स-रेसाठी एआय वापरत असाल, तर उंबरठा किती ठेवला आहे, तो कंपनीने ठेवला की आपण, आणि तो ओलांडल्यावर काय करायचे हे कागदावर लिहिलेले आहे का, एवढे आम्हाला कळवा. रुग्णाची ओळख पटेल असे काही पाठवू नये. उत्तर 'माहीत नाही' असेल तरी कळवा. तीही छापण्याजोगी माहिती आहे. आलेली उत्तरे, केंद्रांची नावे वगळून, पुढच्या अंकांतून एकत्र प्रसिद्ध करू.