मारायचं की सोडायचं

वसमत असो, कळमनुरी असो की हिंगोली शहर, पालकसभेत मोबाइल गेमचा विषय निघाला की एकच तक्रार ऐकू येते : मारामारी बघून पोरं बिघडली. 2020 च्या सप्टेंबरमध्ये पब्जीवर बंदी आली तेव्हा अनेकांना हायसं वाटलं. खरं तर सरकारने कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षेचं, मारामारीचं नव्हे. पुढच्याच वर्षी तो खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परत आला. रक्ताचा रंग हिरवा झाला, 'किल'च्या जागी 'फिनिश' आलं. माणूस मात्र पडायचा तसाच पडतो.

माझी तक्रार वेगळी आहे. या खेळात गोळी लागलेला गडी 'नॉक' होतो आणि गुडघ्यांवर रांगत राहतो. तुम्ही त्याला संपवू शकता. सोडलंत, तर त्याचा साथीदार येऊन त्याला उठवतो आणि मग तोच तुमच्या पाठीत गोळी घालतो. सोडल्याची नोंद खेळात कुठेच होत नाही. मुलगा मारतो याची मला फारशी काळजी नाही; बुद्धिबळातही वजिराला कुणी जीवदान देत नाही. पण 'सोडावं का?' हा प्रश्नच रोज तीन-तीन तास पडत नसेल, तर तो पडायची सवय कुठून लागणार?

हा प्रश्न विचारणारे खेळही आहेत. अमेरिकेच्या टोबी फॉक्सने 2015 मध्ये 'अंडरटेल' नावाचा खेळ काढला. त्यात प्रत्येक शत्रूसमोर लढण्याच्या बटणाबरोबर दयेचंही बटण असतं. ते एकदा दाबून भागत नाही. समोरचा वार करत राहतो आणि तुम्ही त्याला समजावत राहता. मारलं तर ताकद वाढते, सोडलं तर वाढत नाही. कुणालाच न मारणारा शेवटपर्यंत सुरुवातीच्याच तुटपुंज्या 20 गुणांच्या जिवावर चालतो. पैठणचे एकनाथ महाराज अंगावर थुंकणाऱ्या यवनापुढे पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करून आले, ती कथा मराठीच्या तासाला सांगताना मला हा खेळ आठवतो. (यवन म्हणजे कोण, हे मुलं विचारतातच. मीही टाळत नाही.) एखाद्याला मारून, वाईट वाटून, मागे जाऊन पुन्हा खेळलं, तरी त्यातलं एक पात्र आधी काय केलंत ते तोंडावर सांगतं. अमलनाम्यावर विश्वास असणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

तरी माझं समाधान होत नाही. कोणाला कसं सोडायचं याची पूर्ण कृती इंटरनेटवर मिळते. चांगला शेवट बघायला मिळावा म्हणून केलेली दया, तिच्यात नियत कुठली? तो हिशेबच झाला.

शिवाय खेळातली माफी फार स्वच्छ असते. बटण दाबलं की शत्रू मित्र होतो. इतिहासात असं होत नाही. उहुदच्या लढाईत वहशीने पैगंबरांचे (स.) चुलते हजरत हमजा (र.) यांना भाला फेकून ठार केलं. मक्का हाती आल्यावर तो शरण आला. सत्ता हातात होती, सूड सहज घेता आला असता. पैगंबरांनी त्याला माफ केलं, पण शक्य असेल तर माझ्या नजरेसमोर येऊ नकोस, असंही सांगितलं. जीव वाचला, दुःख मात्र राहिलं. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवणारं बटण मी कुठल्या खेळात पाहिलेलं नाही.

नववीच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तोंड बघायचं नाही म्हटलं, तर मग खरंच माफ केलं का?" पुढच्या बाकावरचा ताडकन म्हणाला, "अरे, जिवंत सोडला ना!" तास संपल्याची घंटा झाली तरी दोघं वादच घालत होते.