भाग्यपत्रिकेतला एकच सामना

पावसाळा लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांत आधी सुब्रतो मुखर्जी चषक फुटबॉलची आणि पाठोपाठ शालेय क्रीडा स्पर्धांची गडबड सुरू होते. क्रीडा शिक्षक जन्मदाखले, ओळखपत्रे आणि मुख्याध्यापकांच्या सह्याशिक्क्यांमागे धावत असतात. मैदानाच्या कडेला मात्र एकच चर्चा रंगते : यंदा कोण मारणार? उत्तरेही बहुतेक ठरलेली असतात. अमक्या शाळेला परंपरा आहे, तमक्या शाळेची पोरे अंगाने दांडगी आहेत, गेल्या वर्षी ते विभागापर्यंत गेले होते. अंदाज खरा ठरला तर जाणकारीचा मान मिळतो, खोटा ठरला तर ‘नशीब’ म्हणून विषय मिटतो. माझे म्हणणे असे की या ‘नशिबा’कडे गंभीरपणे पाहायला हवे. शालेय फुटबॉलच्या बाद फेरीतला एखादा सामना कोण जिंकेल, हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. एकदा हे कबूल केले की मुलांचे अख्खे वर्ष एका सामन्यावर टांगणारी आपली पद्धत चालू ठेवण्याचे समर्थन करणे फार अवघड होते.

आपल्या भागात खेळ जाणणारे लोक भरपूर आहेत, पण त्यांची नजर घडली ती प्रामुख्याने कबड्डीवर. कबड्डीच्या एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून साठ-सत्तर गुण सहज होतात. एक चढाई फसली, एक पकड सुटली, तरी पुढच्या मिनिटाला भरपाई होते. त्यामुळे सरस संघाचे सरसपण सामना संपेपर्यंत गुणफलकावर उमटतेच. फुटबॉलमध्ये तसे होत नाही. मोठ्या व्यावसायिक सामन्यांतही दोन्ही संघांचे मिळून सरासरी अडीच-पावणेतीन गोल होतात. एक चेंडू खांबाला लागून बाहेर गेला आणि एक बचावपटूच्या गुडघ्याला लागून आत गेला, तर तासाभराच्या वर्चस्वाचा हिशेब तिथेच उलटतो. २००६ साली तीन भौतिकशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पाच खेळांचे तीन लाखांहून अधिक सामने तपासले होते. दुबळ्या समजल्या गेलेल्या संघाने बलवान संघाला हरवण्याचे प्रमाण त्यात सर्वाधिक निघाले ते फुटबॉलमध्ये. कबड्डीवर घडलेली जाणकारी फुटबॉलला लावली की ती फसते, यात जाणकारांचा दोष नाही. त्या खेळाची घडणच तशी आहे.

हे आकड्यांत मांडून पाहू. समजा, एक संघ दुसऱ्यापेक्षा उघडउघड सरस आहे. इतका, की अनेक सामन्यांची सरासरी काढली तर तो दर सामन्यात दोन गोल करेल आणि समोरचा एक. दुप्पट गोल म्हणजे शालेय पातळीवर मोठाच फरक. तरीही संभाव्यतेच्या साध्या गणिताने हा सरस संघ १०० पैकी सुमारे ६१ सामने जिंकतो, २१ बरोबरीत सुटतात आणि १८ तो चक्क हरतो. बाद फेरीत बरोबरी चालत नाही, म्हणून ते २१ सामने टायब्रेकरला जातात, आणि तिथे निम्मे इकडे, निम्मे तिकडे असे धरले तर सरस संघ पुढे जाण्याची शक्यता ७१ टक्क्यांच्या आसपास येते. जवळपास दर दहा सामन्यांत तीनदा दुबळा संघ पुढे जाणार. आता आपल्या जिल्ह्यात १६ तालुके आहेत. प्रत्येकातून एक संघ आला असे धरले तर जिल्ह्याचे विजेतेपद म्हणजे सलग चार सामने. प्रत्येक वेळी समोरचा प्रतिस्पर्धी इतकाच दुबळा असला, तरी चारही सामने पार करण्याची शक्यता उरते अवघी २५ टक्के. जिल्ह्यातला निर्विवाद सर्वोत्तम संघ चारपैकी तीन वर्षे करंडकाविना घरी जाईल! हे वाचून कोणाला आश्चर्य वाटले तर ते स्वाभाविक आहे, पण आकडेमोड करून पाहावी. सरसपण गृहीत धरूनही हा निकाल आहे, आणि प्रत्यक्षात ते सरसपणही आपण नीट ओळखतो का, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

कारण चौदा वर्षांखालील गटात ‘दांडगी पोरे’ पाहून केलेले भाकीत पुष्कळदा बरोबर येते, आणि ते बरोबर येते हीच काळजीची गोष्ट आहे. एकाच वर्षात जन्मलेल्या दोन मुलांमध्ये जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा असतो, आणि तेरा-चौदाव्या वर्षी त्या अकरा महिन्यांत खांदे, आवाज, पायातली ताकद सारेच बदललेले असते. कॅनडातल्या आइस हॉकीवर १९८५ साली झालेल्या अभ्यासापासून हा परिणाम जगभर वारंवार नोंदवला गेला आहे : वयोगटाच्या निवडींत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले हिशेबाबाहेर जास्त दिसतात. आपल्याकडे जन्मदाखल्यांवरून वाद होतात, ते वेगळेच. म्हणजे लहान गटात कोण जिंकेल याचे सर्वांत चांगले अनुमान कौशल्यावरून निघत नाही, वाढीवरून निघते, आणि वाढ काही कोणाच्या सरावाची कमाई नव्हे. पायात चेंडू खेळवू शकणारा किरकोळ अंगाचा मुलगा एका धक्क्याने पडतो, संघ हरतो, आणि त्या मुलाकडे वर्षभर कोणी पाहत नाही. त्यात आपली मैदाने. काळ्या मातीचे पटांगण एका सरीने चिखल होते, चेंडू दोन हातांवर जाऊन रुतून बसतो, आणि जमिनीवरून छोटे पास देत खेळायला शिकवलेल्या संघाचे शिक्षण त्या दिवशी निरुपयोगी ठरते. तोच सामना आठ दिवसांनी वाफसा झालेल्या मैदानावर झाला तर निकाल वेगळा लागू शकतो. पण आठ दिवसांनी सामना नसतो.

क्रीडा कार्यालयांच्या भाषेत सामन्यांच्या सोडतीला ‘भाग्यपत्रिका’ म्हणतात. हा शब्द वापरात इतका रुळला आहे की त्याचा अर्थ कानाआड होतो. पहिल्याच फेरीत कोणासमोर कोणाची चिठ्ठी निघाली, कोणाला बाय मिळाला, यावर त्या वर्षाचे बरेच काही ठरते. सोळा संघांच्या बाद पद्धतीत आठ संघ पहिल्या सामन्यानंतर बाहेर पडतात. झरी जामणी किंवा उमरखेडच्या बाजूची मुले शंभर किलोमीटरच्या घरातला प्रवास करून यवतमाळला येतात, तासभर खेळतात आणि डबा खाऊन परतीच्या गाडीला लागतात. पांढरकवडा आणि पुसद या दोन आदिवासी विकास प्रकल्पांतल्या आश्रमशाळांमधून अशी मुले येतात, ज्यांच्यासाठी जिल्ह्याच्या मैदानावरचा तो तास वर्षातला एकमेव असू शकतो.

जगाने ही पद्धत करून पाहिली आहे आणि सोडलीही आहे. १९३४ चा विश्वचषक इटलीत झाला, तोही नेमका सोळा संघांचा आणि पहिल्या सामन्यापासून बाद पद्धतीचा. ब्राझील आणि अर्जेंटिना अटलांटिक महासागर ओलांडून बोटीने आले. ब्राझील स्पेनकडून ३-१ ने हरला, अर्जेंटिना स्वीडनकडून ३-२ ने, आणि दोघेही एकेक सामना खेळून परतले. १९३८ चा विश्वचषकही बाद पद्धतीनेच झाला. १९५० पासून मात्र विश्वचषकात पुन्हा गट आले, ते आजतागायत आहेत. त्याचे मोल पुढे दोनदा ठळकपणे दिसले. २०१० मध्ये स्पेन पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून ०-१ ने हरला आणि शेवटी विश्वविजेता झाला. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी सलग ३६ सामने अपराजित असलेला अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून २-१ ने हरला, आणि त्याच स्पर्धेचा चषक मेस्सीने उचलला. आपल्या तालुक्याच्या नियमाने हे दोन्ही संघ पहिल्याच दिवशी बाद झाले असते, आणि कडेला उभ्या असलेल्या कोणीतरी म्हटले असते की यांच्यात दमच नव्हता. सुब्रतो चषकाच्या राष्ट्रीय फेरीतही आधी गटवार साखळी असते, मग बाद फेरी. म्हणजे दुसरी संधी फक्त वरपर्यंत पोचलेल्यांना मिळते. तिची सर्वाधिक गरज असलेल्या तालुका आणि जिल्हा पातळीवर ती नाही.

हे केवळ करंडकाचे प्रकरण असते तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात आणि स्पर्धेचा स्तर चढतो तसे ते वाढतात. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, आणि त्याची वाटही वरच्या स्तरावरच्या प्रमाणपत्रांमधूनच जाते. मारेगावच्या एखाद्या मुलाच्या घरी हे गुण आणि ही नोकरी यांना काय किंमत आहे, ते वेगळे सांगायला नको. जिथे दुबळा संघ दहापैकी तीनदा पुढे जातो, त्या एका तासावर हे सारे ठरवणे मला अन्यायाचे वाटते. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यातल्या दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळावा असा उपक्रम शासनाने घेतला, शाळाशाळांत चेंडू पोचवले. उपक्रम चांगला होता. पण चेंडू मिळालेल्या मुलाला पुढच्या वर्षी आपण सामने किती दिले? हरला असेल तर एक.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा आहे. जिल्हा क्रीडा कार्यालयाला कितीतरी खेळ, त्यांत वयोगट, मुले-मुली असे सगळे थोड्या आठवड्यांत उरकायचे असते. पंच कमी, मैदाने कमी. ही अडचण खरी आहे. सोळा संघांच्या बाद पद्धतीत १५ सामने होतात. चार-चारचे चार गट करून साखळी घेतली आणि गटविजेत्यांची उपांत्य व अंतिम फेरी ठेवली तर २७ होतात. बारा सामने वाढतात. पण हे गट भूगोलाप्रमाणे केले तर? पुसद, उमरखेड, महागाव, दिग्रस यांचा गट पुसदला. वणी, मारेगाव, झरी जामणी, केळापूर यांचा वणीला. दारव्हा, नेर, आर्णी, घाटंजी यांचा दारव्ह्याला. आणि यवतमाळ, बाभूळगाव, कळंब, राळेगाव यांचा जिल्ह्याच्या ठिकाणी. प्रत्येक केंद्रावर सहा सामने, दोन दिवसांचे काम. उपांत्य आणि अंतिम फेरीसाठी यवतमाळला फक्त चार गटविजेत्यांनी यायचे. आज सोळा संघ गाडीभाडे भरून येतात, त्याऐवजी अनेकांचा प्रवास निम्म्याहून कमी होईल. सामने पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन डावांचे ठेवता येतील. लहान सामन्यात अनिश्चितता वाढते, हे मला ठाऊक आहे. पण तीस मिनिटांचे तीन सामने म्हणजे तीन वेगळ्या संघांविरुद्ध नव्वद मिनिटे, आणि त्यातून मिळणारे मोजमाप एका तासाच्या एका सामन्यापेक्षा नक्कीच भरवशाचे.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. अनपेक्षित निकाल हाच तर फुटबॉलचा आनंद. एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेने नावाजलेल्या इंग्रजी शाळेला हरवले तर सारे गाव नाचते. सर्वोत्तम संघच जिंकायला हवा असा हट्ट धरून तुम्ही हा आनंदच काढून घेणार का? या आक्षेपाचा मला आदर आहे, कारण त्या दिवसाचा आनंद खरा असतो. पण साखळीत तो दिवस नाहीसा होत नाही. लहान शाळेला असा पराक्रम करण्याची एकाऐवजी तीनदा संधी मिळते, आणि शेवटच्या दोन फेऱ्या बाद पद्धतीच्याच राहतात. उलट आज पहिल्या फेरीत मोठ्या शाळेची चिठ्ठी निघाली आणि पाच गोलांनी हार झाली, तर ती लहान शाळा पुढच्या वर्षी संघच उतरवत नाही. मुलांनी हार पचवायला शिकले पाहिजे, असेही म्हटले जाते. ते अगदी बरोबर आहे. मात्र हार पचते ती पुढच्या सामन्यात. कालची चूक आज दुरुस्त करता आली, गोलरक्षकाने काल सुटलेला चेंडू आज अडवला, तर तो मुलगा काही शिकला. परतीच्या एसटीत बसलेल्या मुलाला शिकण्यासाठी पुढच्या जुलैची वाट पाहावी लागते, आणि तोवर वयोगट बदललेला असतो.

शालेय वर्षाच्या सुरुवातीला क्रीडा शिक्षकांच्या नियोजन सभा होतात. तिथे हा बदल एकदम सर्व गटांसाठी मांडला तर तो अडेल, हे मान्य. म्हणून सुरुवात मुलींपासून करावी. सुब्रतो चषकात मुलींची स्पर्धा २०१२ पासून आहे, पण मुलींचे संघ अजूनही मुलांच्या मानाने कमी येतात. भाग्यपत्रिकेत बायच जास्त पडतात, आणि एखादा संघ दोन सामने जिंकून जिल्ह्याचा विजेता होतो, तोही आपल्या ताकदीचा अंदाज न येताच. पाच संघ आले तर सगळ्यांची आपसातली साखळी दहा सामन्यांत होते, त्यासाठी ना वेगळे केंद्र लागते ना वेगळा निधी. यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर दोन दिवस, दोन पंच, आणि प्रत्येक मुलीला चार सामने.