सात नंबरच्या सुटलेल्या पकडी

‘हल्ल्यात पोरगं गुणी आहे, पण बचावात गळतं. विश्वास नसेल तर आकडे बघा.’ ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमध्ये अठरा-एकोणीस वर्षांचा नवा हाफ (हल्ला रचणारा सहा किंवा सात नंबरचा खेळाडू) मैदानात उतरला, की पाच-सहा सामन्यांच्या आत हे वाक्य कुणीतरी उच्चारतोच. मग तक्ता पुढे येतो. इतक्या पकडी (टॅकल) केल्या, इतक्या सुटल्या, यशाचे प्रमाण शेकडा ऐंशी. शेजारी त्याच संघाच्या हूकरचा आकडा, शेकडा पंच्याण्णव. एवढ्यावर निकाल लागतो आणि पोराच्या नावापुढे ‘बचावात कच्चा’ असा शिक्का बसतो. तो पुढे चार-पाच वर्षे निघत नाही.

तक्त्यातले आकडे बहुधा बरोबर असतात. त्यांवरून काढलेला निकाल मात्र मला मान्य नाही.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो पोकळ नाही. या खेळात तेरा विरुद्ध तेरा, ऐंशी मिनिटे. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा पकडी होईपर्यंत मुभा, सहावी झाली की चेंडू दुसऱ्याकडे. प्रत्येक पकडीनंतर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे जायचे, ओळ धरायची, पुन्हा पुढे यायचे. त्या ओळीत एक भोक पडले तरी ट्राय जाते, म्हणजे चार गुण आणि किक साधली तर आणखी दोन. पेनरिथ पँथर्सने २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदे मिळवली. त्यांतल्या पहिल्या तिन्ही हंगामांच्या साखळी सामन्यांत सर्वांत कमी गुण देणारा संघ तोच होता, आणि त्यांचा सात नंबर नेथन क्लिअरी पकडीत कुणाला हार जाणारा नाही. तेव्हा पूर्वपक्ष विचारतो, हाफने बचाव केला नाही तरी चालते असे म्हणता काय? नाही, तसे कुणीच म्हणत नाही. हाफला बचाव यायलाच हवा. तो येतो की नाही हे कशावरून ठरवायचे, एवढाच वाद आहे.

त्यासाठी हा पोरगा उभा कुठे असतो ते बघावे लागेल. सहा आणि सात नंबर ही हाफची जोडी म्हणजे हल्ल्याचे डोके. बचावात मात्र यांना सहसा एकेका कडेला उभे करतात. बाहेरून मोजत आले तर विंगर, मग सेंटर, मग हाफ, आणि त्याच्या आतल्या बाजूला सेकंड-रोअर. मैदानाच्या मधोमध गर्दी असते. तिथे चेंडूवाल्यावर दोघे-तिघे एकदम तुटून पडतात, एकाचा हात निसटला तरी दुसऱ्याने कंबर धरलेली असते, आणि पकड त्या सगळ्यांच्या नावावर चढते. हूकर आणि मधले फॉरवर्ड यांचे नव्वदीच्या वरचे आकडे इथून येतात. कडेला माणसामाणसांत अंतर जास्त, धावणारा जास्त वेगात, आणि मदत एका पावलाने उशिरा. हाफच्या आकड्यावरून हूकरच्या मापाने बोलणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे.

हे नुसते तर्काने पटत नसेल तर हिशेब मांडतो. आकडे माझ्या कल्पनेतले, पण गणित खरे. एका हाफने, त्याला पहिला म्हणू, मध्यभागी वीस पकडींचे प्रयत्न केले, एकोणीस जमल्या. कडेला दहा, सात जमल्या. एकूण तिसांपैकी सव्वीस, म्हणजे शेकडा ८७. दुसऱ्याने मध्यभागी चारच केल्या, चारही जमल्या. कडेला सोळा, बारा जमल्या. एकूण विसांपैकी सोळा, शेकडा ८०. तक्ता म्हणतो पहिला सरस. आता फोड करून बघा. मध्यभागी दुसरा शंभर, पहिला ९५. कडेला दुसरा ७५, पहिला ७०. दोन्ही जागी दुसराच सरस, तरी बेरजेत मागे, कारण त्याच्या वाट्याला अवघड काम जास्त आले. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात तो हा सापळा, आणि दर सोमवारी त्यात पाय अडकवून घेणाऱ्या जाणकारांची इथे वाण नाही.

‘ठीक आहे, मग हाफची तुलना हाफशी करू,’ असे पूर्वपक्ष म्हणेल. ही सुधारणा मला मान्य आहे, पण तीही पुरी पडत नाही. दोन कडा सारख्या नसतात. उजव्या हाताच्या खेळाडूला डावीकडे लांब पास देणे सोपे जाते, म्हणून पुष्कळ संघांचा आवडता हल्ला त्यांच्या डाव्या अंगाने येतो आणि समोरच्याच्या उजव्या कडेवर आदळतो. त्या कडेला उभा असलेल्या हाफला आठवड्यामागून आठवडे जास्त मार खावा लागतो. शिवाय मार मुद्दाम दिला जातो. ऐंशी किलोच्या पोरावर शंभर-एकशेपाच किलोचा सेकंड-रोअर पंधरा मीटरवरून सोडायचा, पोरगा पडला तर आनंद, नाही पडला तरी फायदा, कारण पुढच्या सहा पकडींच्या सेटमध्ये त्याच पोराला डोके शांत ठेवून किक मारायची असते. म्हणजे सुटलेल्या पकडींच्या आकड्यात समोरच्या प्रशिक्षकाने याला किती वेळा गाठायचे ठरवले हेही मिसळलेले असते. ज्याच्या हल्ल्याची भीती वाटते त्यालाच असे दमवतात. निरुपद्रवी हाफला दमवून कुणाला काय मिळणार?

आपल्याकडच्या क्रिकेटवाल्याला ही गोष्ट एका नावात समजेल. एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहायचा, सत्तावीस कसोटींत त्रेपन्न झेल. त्या जागी अर्धा हात सरकून बोटाला लागून गेलेला चेंडू ‘सुटलेला झेल’ ठरतो. दुसरा क्षेत्ररक्षक तिथवर पोचलाच नसता, आणि त्याच्या खात्यावर काहीच पडले नसते. रग्बी लीगमध्येही पकड सुटायला आधी माणसापर्यंत पोचावे लागते. जो पोचलाच नाही त्याच्या नावावर चूक नाही.

आता या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. कडेला उभ्या हाफचे खरे काम पकड करणे नसून निवड करणे आहे. समोरून सेकंड-रोअर त्याच्या आतल्या खांद्याकडे धावत येतो. त्याच्या पाठीमागून चेंडू फुलबॅककडे जाऊ शकतो. चेंडू देणाऱ्याचे हात अजून कंबरेशी आहेत. या क्षणी हाफने धावणाऱ्याला घ्यायचे की बाहेर सरकायचे? धावणाऱ्याला घेतले आणि चेंडू मागून गेला, तर बाहेर दोघांवर तिघे चालून येतात. सेंटर धावत आत येतो, विंगर एकटा पडतो, कोपऱ्यात ट्राय होते. तक्त्यात सुटलेली पकड विंगरच्या नावावर. उलट, हाफ बाहेर सरकला आणि चेंडू सेकंड-रोअरलाच मिळाला, तर हाफ वळून एका हाताने त्याला धरायला जातो, हात निसटतो. इथे सुटलेली पकड हाफच्या नावावर, पण मुळात हाफच्याच संघाच्या आतल्या सेकंड-रोअरने त्या माणसाला घ्यायचे असे ठरलेले असेल, तर चूक त्याची. पहिल्या प्रसंगात दोषी सुटला, दुसऱ्यात निर्दोष अडकला. काही आकडेवारीत ‘ट्राय कुणामुळे गेली’ असाही रकाना असतो. त्यात नाव लिहिणारा माणूस चित्रफीत बघून मत बनवतो, आणि ते मत आकड्याच्या वेषात आपल्यापुढे येते. संघाच्या बैठकीत काय ठरले होते हे त्याला ठाऊक नसते.

दोष झाकण्याचे काम तक्ता किती सफाईने करतो, हेही यात आले. मी हाफची वकिली करतोय असा समज होऊ नये म्हणून सांगतो: शेकडा नव्वद आकड्याचा हाफही बचावात वाईट असू शकतो. त्याला फुलबॅकजवळ मागे लपवलेले असेल, तो जोखमीच्या जागेतून अंग काढून घेत असेल, किंवा दर वेळी उशिरा निर्णय घेऊन सेंटरला तोंडघशी पाडत असेल, तर आकडा छान आणि कड खिळखिळी.

नमुन्याचा मुद्दा लवकर उरकतो, कारण तो सोपा आहे. पाच सामने, शंभर प्रयत्न, ऐंशी यशस्वी. एवढ्या नमुन्यात निव्वळ योगायोगाने आकडा आठ टक्के इकडे किंवा तिकडे जाऊ शकतो. ज्या पोराची खरी कुवत ८५ आहे, त्याचा पहिल्या शंभर प्रयत्नांचा आकडा ८० किंवा त्याखाली दिसण्याची शक्यता साधारण दहात एक. पाच सामन्यांवर शिक्का मारणाऱ्याने हे गणित एकदा कागदावर करून बघावे.

आता दुसरा पूर्वपक्ष. तो पहिल्याच्या अगदी उलट टोकाला बसला आहे आणि तितक्याच आत्मविश्वासाने बोलतो. ‘आकडे चुलीत घाला. ज्याने खेळ पाहिला त्याला डोळ्यांनी कळते.’ डोळ्यांनी काय कळते ते अ‍ॅलन लँगरच्या वेळी दिसले. इप्सविचचा हा हाफ जेमतेम १६५ सेंटिमीटरचा. १९८७ मध्ये क्वीन्सलंडने त्याला न्यू साउथ वेल्सविरुद्धच्या स्टेट ऑफ ओरिजिन मालिकेसाठी निवडले, तेव्हा एवढासा पोरगा न्यू साउथ वेल्सच्या फॉरवर्डांपुढे बचाव काय करणार, ही शंका खेळ कोळून प्यालेल्यांनीच काढली होती. त्या मालिकेच्या निर्णायक सामन्यात क्वीन्सलंड १०–८ असे जिंकले आणि सामनावीर लँगर होता. बुटका माणूस घोट्याशी वाकून पकड करतो तेव्हा ती दिसायला भव्य नसते. डोळ्याला आवडते ती छातीवरची धडक. जोनाथन थर्स्टनलाही पोरवयात हडकुळा म्हणून क्लब घेत नव्हते, पुढे त्याने हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूची चार डॅली एम पदके नेली. डोळा उंची बघतो, एखादी फजिती मनात धरून ठेवतो आणि बाकीच्या एकोणीस पकडी विसरतो. त्याला आवर घालायला आकडाच लागतो. म्हणून आकडे चुलीत घालायला मी तयार नाही.

मग मंडन काय? माझे म्हणणे असे की एका टक्केवारीऐवजी त्याच चित्रफितींतून निघणारे तीन-चार साधे हिशेब मागावेत. फक्त कडेवरच्या, एकट्याने कराव्या लागलेल्या पकडी वेगळ्या काढाव्यात. त्याच्यावर किती वेळा चालून आले हे मोजावे, म्हणजे दहा हल्ल्यांत दोन सुटणे आणि पंचविसांत पाच सुटणे यांतला सारखेपणा दिसेल. निव्वळ सुटलेल्यांची संख्या तो लपवते. आणि सुटल्यावर काय झाले ते लिहावे. धावणाऱ्याचा वेग मोडला, पाय अडखळला, आतल्या माणसाने तीन मीटरवर त्याला पाडले, तर ती ‘सुटलेली’ पकड अर्धी जमलेली आहे. तीच आपल्या ट्रायरेषेपासून पाच मीटरवर सुटली तर तिची किंमत चार गुण. आजचा तक्ता दोघींना एकच काडी देतो.

याच्याही आधी मी शेजारी कोण होते ते विचारीन. सॅम वॉकरचे उदाहरण घ्या. २०२१ मध्ये सिडनी रूस्टर्सच्या ल्यूक किअरीचा गुडघा गेला आणि अठरा वर्षांच्या, ऐंशी किलोच्या घरातल्या वॉकरला पहिल्या संघात यावे लागले. त्याच हंगामात संघाचे दोन्ही सहकर्णधार, जेक फ्रेंड आणि बॉइड कॉर्डनर, डोक्याच्या दुखापतींमुळे निवृत्त झाले, ब्रेट मॉरिसचा गुडघा गेला, आणि दर आठवड्याला संघाची जुळवाजुळव नव्याने होत होती. कडेचा बचाव हा तीन-चार जणांच्या सवयीचा खेळ. कुणी कधी सरकायचे हे बोलून नव्हे, अंगवळणी पडून ठरते. अशा हंगामातला त्या पोराचा आकडा हा निम्मा दवाखान्याचा आकडा म्हणावा लागेल. प्रशिक्षक ट्रेंट रॉबिन्सन यांनी हंगामाच्या उत्तरार्धात त्याला राखीव खेळाडू म्हणूनही वापरले. प्ले-ऑफमध्ये गोल्ड कोस्ट टायटन्सविरुद्ध तो असाच नंतर आला आणि त्याच्या फील्ड गोलने सामना २५–२४ असा जिंकला. रॉबिन्सन यांच्या मनात काय होते ते मी सांगणार नाही. पण दोन्ही बाजूंचे मोठे फॉरवर्ड दमल्यावर कोवळ्या हाफला आणणे ही आकडे वाचता येणाऱ्या माणसाची चाल दिसते.

शेवटचा हिशेब वेळेचा. पोरगा एकोणिसाव्या वर्षी किती टक्क्यांवर आहे यापेक्षा तीस सामन्यांनंतर रेषा कुठे चालली आहे ते बघावे. अंग भरायला दोन हिवाळे लागतात, वजनखोलीतला घाम तक्त्यात उशिरा उतरतो. पहिल्या साठ मिनिटांचे आणि शेवटच्या वीस मिनिटांचे आकडे वेगळे ठेवावेत. शेवटी घसरत असेल तर तो दमाचा प्रश्न, सुरुवातीपासूनच घसरत असेल तर तंत्राचा. डोके चुकीच्या बाजूला जाते, पाय रुतून राहतात, हात खांद्याआधी पुढे येतात. हे शिकवता येते. भीती शिकवून जात नाही, पण भीती कुठल्याच रकान्यात नसते. ती चित्रफितीत, पकडीच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात दिसते, तेव्हा तिथे डोळ्यांनी काम करावे.

आणि एवढे सगळे पाहूनही, तीस-चाळीस सामने झाले, शेजारी तोच सेंटर आणि तोच सेकंड-रोअर टिकला, हल्ल्यांची संख्या धरून मोजले, आणि तरीही त्याच्या खांद्यावरूनच ट्राय जात असतील, तर मग ‘बचावात कच्चा’ हे मीही म्हणेन. त्याला फुलबॅकच्या जागी मागे घ्या, नाहीतर कड बदला, पण मग त्याच्या हातून होणाऱ्या ट्राय आणि त्याच्या अंगावरून जाणाऱ्या ट्राय यांची वजाबाकीही त्याच कागदावर मांडा.