मुहूर्ताची सुरी

सिझेरियनच्या सुळसुळाटाबद्दल ब्र काढला, की समोरून ठरलेला सवाल येतो : 'मग काय, पूर्वीसारख्या बाया अडून मरू द्यायच्या?' मुळीच नाही! मूल आडवे आले, वार गर्भाशयाच्या तोंडाशी आली, बाळाचे ठोके मंदावले, तर त्या घटकेला सुरीइतकी दयाळू वस्तू दुसरी नाही. तक्रार आहे ती सुरी कोणाच्या सोयीने चालते याबद्दल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१ चे आकडे पाहा. सरकारी दवाखान्यांत शंभरांतली १४ बाळंतपणे सिझेरियनने होतात; खासगीत ४७! सरकारी दारात शिरताना बाईची हाडे रुंद होतात आणि खासगी दारात आखडतात, असे समजायचे की काय? बिहारात तर हेच आकडे ४ आणि ४० आहेत. म्हणजे जिथे पैसा आहे तिथे सुरी उतावीळ, आणि जिथे खरोखर अडले आहे तिथे ती पोचतच नाही.

पण सारे खापर डॉक्टरांच्या माथी फोडून आपण नामानिराळे राहू पाहाल, तर तेही चालायचे नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच लक्ष्मी घरात यावी, म्हणून पंचांग काखोटीला मारून प्रसूतिगृहात जाणारे कोण? आपणच ना? त्या पंचांगात रक्तस्रावाचा, जंतुसंसर्गाचा, शिरेत गुठळी होण्याचा योग छापलेला नसतो. पुढच्या खेपेला जुन्या व्रणावर वार रुजून सुटेनाशी होते, कधी तो व्रणच फाटतो, हेही नसते. एकोणचाळीस आठवडे भरण्याआधी ओढून काढलेल्या बाळाला श्वास घेणे जड जाते. त्याचे ग्रह मात्र उच्चीचे!

सिझेरियनचे प्रमाण समाजात शेकडा १० च्या वर गेल्याने मृत्यू आणखी घटत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. त्याच वेळी, बाळंतिणींचे दहा गट पाडून प्रत्येक इस्पितळाने आपला हिशेब तपासावा, अशी रॉबसनची पद्धतही तिने सुचवली. तो हिशेब प्रत्येक प्रसूतिगृहाच्या दाराशी टांगा. उपाहारगृहात भजीचा भाव फळ्यावर लिहितात. इथे तर बाईचे पोट चिरायचे आहे! आणि रात्रभर कळांपाशी जागणाऱ्या डॉक्टरला नि नर्सला शस्त्रक्रियेइतकेच दाम द्या. धीर धरणे तोट्याचे ठेवले, तर धीर धरणार कोण?