अपंग दलितांचा प्रश्न कोणाचा?

अपंगांना 'दिव्यांग' म्हणा, असे पंतप्रधानांनी डिसेंबर 2015 मध्ये आकाशवाणीवरून सांगितले आणि सरकारी पाट्या भराभर बदलल्या. महाराष्ट्रात 2022 साली त्याच नावाचा स्वतंत्र विभागही निघाला. आंबेडकरी माणसाला हा प्रकार नवा नाही. अस्पृश्यांना असेच देवाचे नाव चिकटवून 'हरिजन' केले गेले, तेव्हा 1938 साली मुंबई विधानसभेत बाबासाहेबांनी आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी निषेध म्हणून सभात्याग केला होता. आम्हीही येथे 'अपंग' असेच लिहिणार आहोत.

अस्पृश्य का जन्मला? पूर्वजन्मीचे पाप. आंधळा का जन्मला? तेच उत्तर! मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बहिरे, मुके यांना वडिलोपार्जित मालमत्तेतला वाटा नाकारला आहे. महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी जळाला तो हाच ग्रंथ. पुढे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 28 ने रोग किंवा व्यंग दाखवून वारसा नाकारण्याची वाट बंद केली. अपंगांचा लढा हा मुळातच आमच्या लढ्याचा भाग आहे. मग आमच्या सभा-परिषदांच्या ठरावांत तो अभावानेच का दिसतो?

आंध्र प्रदेशातील एक खटला प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा. अनुसूचित जातीतील एका जन्मांध तरुणीवर 2011 साली ओळखीच्या माणसाने बलात्कार केला. तिने त्याला आवाजावरून ओळखले. 27 एप्रिल 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिची साक्ष डोळस माणसाच्या साक्षीइतकीच ग्राह्य मानून आरोपीची जन्मठेप कायम केली. जात, स्त्रीत्व आणि अपंगत्व हे तीन जुलूम एकाच देहावर एकत्र येतात, ते सुटे करून मोजता येत नाहीत, हेही न्यायालयाने विस्ताराने सांगितले. परंतु अॅट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा मात्र रद्द झाली. कारण गुन्हा जातीच्याच कारणावरून घडला, याचा पुरावा सरकारी पक्षाने आणला नव्हता. पीडितेची जात आरोपीला ठाऊक असणे पुरेसे आहे, ही दुरुस्ती 2016 पासून लागू झाली. या मुलीला तिचा उपयोग नव्हता.

2016 च्या अपंग हक्क कायद्याचे कलम 92 आमच्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे, अपंग स्त्रीवर असलेल्या वर्चस्वाचा फायदा घेऊन तिचे लैंगिक शोषण करणे, यासाठी सहा महिने ते पाच वर्षांची कैद आहे. वाचताना अॅट्रॉसिटी कायदाच वाचतो आहोत असे वाटावे, इतकी भाषा जवळची. पण फौजदार हे कलम आपणहून लावील, या भ्रमात कोणी राहू नये. पीडित अपंग असेल तर अॅट्रॉसिटीबरोबर कलम 92 ही फिर्यादीत नोंदवून घेतल्याशिवाय ठाण्यातून उठायचे नाही, एवढे तरी आमच्या कार्यकर्त्यांनी ठरवावे.

आता थोडे घरातले. सार्वजनिक जागा अपंगांसाठी सुगम करण्याचे नियम नुसते सल्ल्यासारखे ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सरकारला बजावले. सरकारला आम्हीही जाब विचारू. पण आमच्या विहारांचे काय? देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्यांना पैसा जमतो, आणि चार पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार घालायचा म्हटले की समितीला खर्च आठवतो! काळाराम मंदिराच्या दारासाठी पाच वर्षे झगडलेल्या समाजाच्या विहारात कुबड्या घेऊन आलेली आजी वंदनेला बाहेरच बसते, हे आम्हाला लाजिरवाणे वाटते. जयंतीच्या भाषणांना खुणांच्या भाषेचा दुभाषी बोलावणे तर अनेकांच्या डोक्यातही येत नाही.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले 5 टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. येत्या ग्रामसभेत त्याचा हिशेब मागा, बौद्धवाड्यातल्या किती अपंगांपर्यंत तो पोचला ते नावानिशी विचारा. आणि सभेला जाताना त्या अपंग बांधवांना सोबत न्या, बोलू त्यांना द्या.