मोठी गाडी की सोयीची गाडी?

खानापूर तालुक्यातील आमचे एक जुने वाचक गेल्या पंधरवड्यात मुद्दाम आमच्या भेटीस आले. त्यांची कन्या व जावई पोर्तुगालात लिस्बन शहरी राहतात. तेथे नातवाचा बाप्तिस्मा आहे आणि त्यासाठी हे आजोबा-आजी आठ दिवस जाणार आहेत. विमानाची तिकिटे झाली, बाळासाठी शिवलेली दुपटी बांधून झाली. मात्र एका प्रश्नाने घरात दोन तट पडले आहेत. आठ दिवसांसाठी भाड्याची मोटार घ्यावयाची, ती कोणती?

"जावईबापू म्हणतात, सामान पुष्कळ, माणसे पाच, तेव्हा मोठी फोक्सवागन घेऊ. मुलगी म्हणते, स्कोडा पुरे झाली. आता तुम्हीच निवाडा करा," असे म्हणून काकांनी जावयाने पाठविलेला कागद आमच्यापुढे ठेवला.

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. गोव्यातील आणि बेळगाव भागातील कितीतरी घरांतील लेकीसुना आज पोर्तुगाल, इंग्लंड या देशांत संसार करीत आहेत. आज ना उद्या आईवडील त्यांच्याकडे जाणार, आणि मोटारीचा प्रश्न उठणारच. म्हणून काकांना जे सांगितले ते सर्व वाचकांपुढे मांडावे, असे आम्हांस वाटले.

प्रथम गाडीची जात ओळखू. कागदावरील तिन्ही नावे स्टेशन वॅगन प्रकारातील डिझेल गाड्यांची होती. छप्पर मागेपर्यंत सरळ नेलेले, मागील दार वर उघडणारे आणि आत सामानाची ऐसपैस जागा, अशी ही गाडी असते. पोर्तुगीज लोक तिला 'कारिन्या' म्हणतात. आपल्याकडे ती फारशी रुजली नाही. 1992 साली टाटांनी 'इस्टेट' नावाची अशी गाडी काढली व 2004 साली 'इंडिगो मरीना' आणली. परंतु आपल्या लोकांनी पुढे उंच गाड्यांनाच पसंती दिली. युरोपात मात्र प्रवासी कुटुंबाची गाडी म्हणून तिचा मान अद्याप आहे.

आता तिघींची तुलना पाहू. फोक्सवागन पसाट ही 2024 सालच्या नव्या रूपात सुमारे 4.92 मीटर लांब आहे आणि मागील सामानाची जागा 690 लिटर. स्कोडा ऑक्टाव्हिया कोम्बी 4.69 मीटर लांब, जागा 640 लिटर. पेजो 308 ही त्याहून किंचित आखूड, सुमारे 4.64 मीटर, आणि जागा 608 लिटर. पहिल्या दोघींत दोन लिटरचे डिझेल इंजिन बसते, तिसरीत दीड लिटरचे.

काकांना वाटले होते की, फोक्सवागन आणि स्कोडा म्हणजे हाडवैरी असतील. प्रत्यक्षात ती एकाच घराण्यातील चुलत भावंडे आहेत. 1991 सालापासून स्कोडा ही फोक्सवागनच्या समूहात आहे आणि दोघींची डिझेल इंजिने एकाच कुळातील आहेत. तेव्हा इंजिनाच्या नावाने भांडणे व्यर्थ. खरा फरक लांबीचा आणि जागेचा. पसाट घेतली तर पन्नास लिटर जागा अधिक मिळते, म्हणजे एखादी लहान हातबॅग. आणि त्यासाठी सुमारे तेवीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर, अधिक लांबी सांभाळावी लागते. मोकळ्या रस्त्यावर ही वीत कळतही नाही. पण लिस्बनच्या जुन्या वस्तीतील चढउताराच्या गल्ल्यांत आणि तळघरातील वाहनतळाच्या वळणांवर तीच वीत घाम फोडते. पाच माणसांचे सामान ऑक्टाव्हियात बसते. म्हणून या तिघींत निवड करावयाची तर आमचे मत मुलीच्या बाजूने.

परंतु काकांना आम्ही विचारले, "गाडी कोठे कोठे फिरणार?" ते म्हणाले, "पाच दिवस शहरातच. देवळात, नातेवाइकांकडे, बाजारात. नंतर फातिमाला, आणि जमल्यास पोर्तोला." हे ऐकताच आमच्या ध्यानात आले की, प्रश्न तीन गाड्यांचा नाहीच.

येथे आमची स्वतःचीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही लिस्बनमध्ये अशीच एक लांबलचक डिझेल गाडी आठवडाभरासाठी घेतली होती. देणाऱ्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष आमच्या निवडीचा होता. चार दिवस शहरात फिरलो. दोन किलोमीटर जावे, थांबावे. पुन्हा एक किलोमीटर जावे, थांबावे. पाचव्या दिवशी चालकापुढील फळीवर एक पिवळा दिवा लागला. दूरध्वनी केला तेव्हा उत्तर आले, "गाडी हमरस्त्यावर नेऊन वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवा." तेव्हा काही काम नसताना आम्ही व्हिला फ्रांका द शिरा गावापर्यंत गेलो आणि परत आलो. दिवा विझला. पेट्रोलपंपावर पैसे देताना मात्र आमच्या मनात प्रकाश पडला.

हे असे का होते? डिझेलच्या धुरात सूक्ष्म काजळी असते. ती बाहेर पडू नये म्हणून आजच्या गाड्यांच्या धुराड्यात एक गाळणी बसविलेली असते. गाळणी भरत आली की तीतील काजळी जाळावी लागते, आणि त्यासाठी सुमारे 600 अंश सेल्सिअस उष्णता काही मिनिटे टिकावी लागते. हमरस्त्यावर हे काम चालकाच्या नकळत होऊन जाते. शहरात इंजिन तापते न तापते तोच आपण गाडी थांबवितो. जाळण्याचे काम अर्ध्यावर राहते व गाळणी तुंबत जाते. आमच्या आधीच्या भाडेकरूंनीही ती गाडी बहुधा शहरातच फिरविली असावी. दुसरी योजना नायट्रोजनच्या विषारी वायूंसाठी असते. 32.5 टक्के युरिया असलेले एक द्रावण धुरात फवारून त्या वायूंचे नायट्रोजन व पाणी करतात. तेही धूर पुरेसा तापला असेल तरच नीट साधते. म्हणजे डिझेल इंजिन हे लांब पल्ल्याचा बैल आहे. त्याला दिवसभर मोटेवर जुंपा, तो थकणार नाही. पण घाण्यावरून दर पाच मिनिटांनी सोडून पुन्हा जुंपू लागलात तर तो बिघडणारच.

आणि बिघाड केवळ गाडीचा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2012 साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा ठरविला. 2015 साली फोक्सवागन कंपनीनेच चाचणीच्या वेळी धूर स्वच्छ दाखविणारी लबाडीची यंत्रणा बसविल्याचे अमेरिकेत उघड झाले. जगभरातील सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत ती होती. लंडनमध्ये वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी दम्याने आजारी नऊ वर्षांची मुलगी 2013 साली मरण पावली. तिच्या मृत्यूला हवेतील प्रदूषणही कारणीभूत झाले, असा निर्णय 2020 च्या डिसेंबरात तेथील मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने दिला. नव्या गाड्या जुन्यांहून पुष्कळ स्वच्छ आहेत, हे खरे. तरीही गाडी भाड्याची असली म्हणून धूर भाड्याचा होत नाही. आपण आठ दिवसांनी परत येतो. त्या गल्लीतील मुले तेथेच श्वास घेत राहतात, आणि आपला नातूही त्यांतीलच एक असतो.

मग करावे काय? आम्ही काकांना जो क्रम सुचविला तो असा. विमानतळावर उतरल्यावर सामानासह टॅक्सी करावी. शहरातील पाच दिवस मोटार घेऊच नये. लिस्बनची मेट्रो 2012 सालापासून विमानतळापर्यंत येते, ट्राम व बस आहेत, आणि म्हाताऱ्या माणसांना चढ झेपला नाही तर पुन्हा टॅक्सी आहे. अल्फामा, बायरो आल्टो अशा जुन्या वस्त्यांत रस्त्यातून वर येणारे खांब असतात. परवानगी असलेल्यांसाठीच ते खाली जातात. तेथे भाड्याची मोठी गाडी नेऊन करणार काय? ती दिवसभर पैसे भरून उभी करून ठेवावी लागेल.

सहाव्या दिवशी शहर सोडताना मात्र डिझेल स्टेशन वॅगन घ्यावी. लिस्बनपासून फातिमा सुमारे सव्वाशे किलोमीटर आणि पोर्तो सुमारे 310 किलोमीटर. पोर्तोला जाऊन परत यावयाचे तर शंभर किलोमीटरला पाच लिटर धरून सुमारे 31 लिटर डिझेल लागेल. सरळ रस्त्यावर हा बैल आपले खरे बळ दाखवितो, आणि सामानाची जागाही तेव्हाच कामास येते. काही वेळा आठवड्याचा दर रोजच्या हिशेबाने स्वस्त दिसतो. पण त्यात वाहनतळाचे पैसे व मनस्ताप मिळवून मगच बेरीज करावी.

आणि घरात अगदी तान्हे मूल आहे, शहरातही गाडी हवीच, असे असेल तर? तर डिझेल सोडून पेट्रोल व वीज यांवर मिळून चालणारी संकरित गाडी मागावी. टोयोटा कोरोलाची स्टेशन वॅगन अशी आहे. लांबी सुमारे 4.65 मीटर आणि 1.8 लिटर इंजिनाच्या गाडीत सामानाची जागा 596 लिटर. ब्रेक लावताना जी शक्ती फुकट जाते, ती ही गाडी विजेच्या रूपाने साठविते व पुढे निघताना वापरते. म्हणून थांबत-थांबत चालणे तिला जाचत नाही. शहरासाठी हीच निवड शहाणपणाची.

करार करताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कागदावर गाडीच्या नावापुढे "अथवा तत्सम" असे शब्द असतात. म्हणजे तुम्ही नाव मागता, पण मिळतो तो वर्ग. त्या वर्गाची खूण चार रोमी अक्षरांत लिहिलेली असते. पहिले अक्षर आकाराचे. दुसरे 'डब्ल्यू' असेल तर स्टेशन वॅगन. तिसरे 'एम' म्हणजे हाताने गिअर बदलावयाचे, 'ए' म्हणजे आपोआप बदलणारे. चौथे 'डी' म्हणजे डिझेल, 'एच' म्हणजे संकरित, आणि दोहोंतही गार हवेची सोय. 'आर' असेल तर इंधन ठरलेले नाही, असे समजावे. नावासाठी भांडण्यापेक्षा ही चार अक्षरे वाचावीत.

इंधन भरताना विशेष जपावे. पोर्तुगालात 'गाझोलिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गाझोलियू' म्हणजे डिझेल. नावे जुळ्या भावांसारखी, गुण मात्र निराळे. सुदैवाने 2018 सालापासून युरोपात खुणाही ठरल्या आहेत: पेट्रोलला वर्तुळ, डिझेलला चौकोन. चूक झाली तर इंजिन सुरू न करता तेथेच थांबावे व गाडी देणाऱ्यास कळवावे. हमरस्त्याच्या पथकर-नाक्यावर 'व्हिया वेर्द' ही हिरवी रांग फक्त यंत्र बसविलेल्या गाड्यांसाठी असते. आपल्या गाडीत ते यंत्र आहे काय, हे आधी विचारावे. तेथे बारा वर्षांखालील व 135 सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलाला कायद्याने वेगळे आसन लागते. बाळाचे आसन बसविल्यावर मागे दोनच मोठी माणसे उरलेल्या जागेत बसतात, हे ध्यानात घेऊनच गाडी निवडावी. गाडी ताब्यात घेताना आणि परत देताना तिच्या प्रत्येक ओरखड्याची छायाचित्रे काढावीत. करारात ज्याचे नाव आहे, त्यानेच गाडी चालवावी.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे जावई हरले आणि मुलगीही पुरती जिंकली नाही!" आम्ही म्हटले, "दोघांनीही गाडी पाहिली, वाट पाहिली नाही, इतकेच."

आपल्या गावी लग्नकार्याला मोठी गाडी ठरविताना आपण हेच करतो. दारात मोठी गाडी उभी राहिली की शेजाऱ्यांना कळावे, ही हौस असते. आणि मग ती गाडी पाणंदीत अडकते व वऱ्हाड पायी चालते. सोय ही वाटेवरून ठरते, गाडीच्या लांबीवरून ठरत नाही. परवा काकांचा निरोप आला. शहरात ट्राम, आणि फातिमासाठी तीन दिवस ऑक्टाव्हिया, असे घरात एकमताने ठरले आहे. उरलेल्या पैशांत आजीने नातवासाठी सोन्याची साखळी घेतली आहे. आमच्या मते भाड्याच्या हिशेबातील सर्वांत चोख नोंद ती हीच.